पॅनेल मोजण्याआधी विहीर मोजा

शेतीतले पंप: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात गोव्यातून आलेली बहुतेक पत्रं सौरपंपाबद्दलची आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला लांब उत्तर दिलं आहे, कारण त्यातला हिशेब इतरांनाही लागणार आहे.

प्रश्न: स. न. वि. वि. आमचं सावईवेऱ्यात कुळागर आहे. सुमारे 400 पोफळी, 60 माड, पोफळींवर मिरवेली, मधून केळी. सगळ्याला ठिबक आहे. चिऱ्यांची विहीर 3 मीटर व्यासाची. मे महिन्यात पाणी काठापासून 9 मीटर खाली जातं. टाकी वर भरडीवर (उंचावरच्या कोरड्या जमिनीवर) आहे, विहिरीच्या काठापासून 22 मीटर उंच. 50 मिलिमीटरचा काळा पाइप 180 मीटर टाकलेला आहे. सध्या 3 एचपीची विजेची मोटर आहे, पण व्होल्टेज पडतं आणि पावसाच्या तोंडावर लाइन सारखी जाते. विक्रेता 5 एचपीचा सौरपंप सुचवतो. "मोठा घ्या, ढग आले तरी चालेल," म्हणतो. घ्यावा का? आणि विजेचं कनेक्शन काढून टाकावं का? — एक बागायतदार, सावईवेरे

उत्तर: 5 एचपी घेऊ नका. तुमच्या कुळागराला 2 एचपी भरपूर झाला. तुम्ही आकडे नीट मोजून पाठवलेत, म्हणून हे ठामपणे सांगता येतं. नाहीतर बहुतेक पत्रांत फक्त "किती एचपी घेऊ?" एवढंच असतं, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

आधी पाणी मोजू. ठिबकने पोफळीला डिसेंबर ते मे दिवसाला 16 ते 20 लिटर लागतात. 400 पोफळींचे झाले साधारण 7,200 लिटर. माडाला 35 लिटर धरले तर 60 माडांचे 2,100. केळी आणि बाकीचं धरून रोजचे 12,000 लिटर पुरेत. हे पाणी उचलायचं आहे 9 अधिक 22, म्हणजे 31 मीटर. पाइपातल्या घर्षणाचे, हात राखून, दोन मीटर मिळवा. एकूण 33.

1,000 लिटर पाणी 1 मीटर वर चढवायला 2.7 वॅट-तास लागतात. तुमचा हिशेब 12 गुणिले 33 गुणिले 2.7, म्हणजे एक युनिटच्या जरा वर. पण पंप, मोटर आणि कंट्रोलर मिळून निम्म्याहून जास्त वीज वाटेतच खातात, म्हणून पॅनेलकडून रोज तीन युनिटं मिळायला हवीत. आपल्याकडे जानेवारी ते मे स्वच्छ उन्हात 1 किलोवॅटची पॅनेलं दिवसाला चारेक युनिटं देतात. म्हणजे 1 एचपीतही काठावर भागेल. मेमधले ढग, पॅनेलवरची धूळ आणि उद्या तुम्ही लावाल ती जायफळं धरून मी 2 एचपी म्हणतो. सरकारी मापदंडात 2 एचपीला 1,800 वॅटची पॅनेलं येतात, 3 एचपीला 3,000 आणि 5 एचपीला 4,800. उगाच दुपटीहून जास्त पॅनेलं कशाला उभी करायची?

मोठ्या पंपाने नुसते पैसे जास्त जातात असं नाही, तो तुमच्या विहिरीला आणि पाइपालाही झेपणार नाही. तुमच्या 50 मिलिमीटरच्या पाइपातून ताशी 2,400 लिटर पाणी गेलं तर 180 मीटरमध्ये घर्षणाने एकच मीटर जातो. त्याच पाइपातून 5 एचपीने भर दुपारी ताशी 10,000 लिटर ढकलले, तर घर्षणातच 15 मीटर जातात. म्हणजे तुमच्या टाकीच्या उंचीच्या दोन तृतीयांश पाणी चढवायला लागेल तेवढी वीज नुसती पाइप घासण्यात जाईल.

आता विहीर. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 10 सेंटीमीटर पाणी म्हणजे 700 लिटर. ताशी 10,000 लिटरने उपसलंत तर झऱ्याचं पाणी सोडून तासाला 1.4 मीटर पातळी उतरते. मेमध्ये तळाशी दोन मीटर पाणी असलं, तरी साडेदहा-अकराला विहीर कोरडी आणि खरं ऊन पुढेच. म्हणून एप्रिल संपता संपता एक काम करा. सकाळी पंपाने पाणी एक मीटर उतरवा, पंप बंद करा, दोरीला गाठ मारून पातळीची खूण करा आणि बरोबर एका तासाने पाणी किती चढलं ते बघा. 15 सेंटीमीटर चढलं तर तुमचा झरा ताशी हजार लिटरचा आहे. पातळी वर येईल तसा तो मंदावतो, पण रात्रभरात तुमच्या गरजेपुरतं पाणी साठायला तेवढा पुरतो. हा आकडा हाती आल्याशिवाय कुठल्याही विक्रेत्याला आगाऊ पैसे देऊ नका.

कोरडा फिरलेला पाणबुडी पंप मी फोंड्यात माझ्या बाकावर नेहमी उघडतो. आतले इम्पेलर (पाणी ढकलणारी चाकं) नॉरिलचे असतात, एक प्रकारचं प्लास्टिकच. पाणी नसलं की ते तापून शाफ्टला चिकटतात आणि पाना लावूनही सुटत नाहीत, कापून काढावे लागतात. मोटरीचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) पाण्यावरच चालणारे, त्यांच्यावर खोल वळ उठलेले असतात. कंट्रोलरमध्ये ड्राय-रन संरक्षण असतं, पण ते सुरू केलेलं आहे की नाही हे पंप बसवतानाच तुमच्या डोळ्यांसमोर तपासून घ्या. पंप थोडा वर ओढा, फुकट फिरू द्या, तो आपोआप बंद पडला पाहिजे. टाकीला फ्लोट स्विच लावा, म्हणजे टाकी भरली की पंप बंद होईल. ऊन फुकट आहे म्हणून टाकी वाहू देणारे लोक बघितले की मला फार वाईट वाटतं. ऊन उद्या परत येतं, पण त्याच झऱ्यावर खालच्या वाडीतल्या विहिरीही असतात. गोव्यात 2002 पासून भूजल नियमनाचा कायदा आहे. नवी विहीर किंवा बोअर मारायची तर आधी जलस्रोत खात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती घेतलीच पाहिजे.

पंप निवडताना एचपीपेक्षा नेमप्लेटवरचं कमाल हेड बघा, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवू शकतो ते. हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. विजेवर मोटर एकाच वेगाने फिरते. उन्हावर तसं नाही, सकाळी हळू, दुपारी जोरात. वेग अर्धा झाला की पाणी अर्धं होतं, पण पाणी वर चढवण्याची ताकद पावावर येते आणि लागणारी वीज आठव्या हिश्शावर. आता समजा तुम्ही कमाल हेड 45 मीटरचा पंप घेतला. 31 मीटरवर पाणी पोचायला त्याला 83 टक्के वेग लागतो, म्हणजे पूर्ण शक्तीच्या निम्म्याहून जास्त वीज. तोवर पंप नुसता घुमत राहील आणि टाकीत थेंब पडणार नाही. "साडेनऊपर्यंत पाणीच येत नाही" ही तक्रार मी ज्या ज्या कुळागरात ऐकली, तिथे बहुतेक वेळा हेच कारण निघालं. त्याऐवजी कमाल हेड 70 मीटरचा पंप घेतलात, तर 67 टक्के वेगाला आणि तिसऱ्या हिश्शाहून कमी विजेवर पाणी चढायला लागेल. ढगाळ दिवशी उपयोग होतो तो याचा. एचपी वाढवून ते काम होत नाही.

पंप पाणबुडीच हवा. काठावरच्या मोनोब्लॉकने सहा-सात मीटरपेक्षा खालचं पाणी भरवशाने ओढता येत नाही आणि तुमचं नऊवर जातं.

पॅनेलं कुळागरात लावायचा विचारही करू नका. सगळी पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात. एका पॅनेलवर माडाच्या झावळीची सावली पडली तरी सबंध माळेची ताकद उतरते. 15 मीटर उंच पोफळीची सावली डिसेंबरात ऐन बारा वाजता उत्तरेला 12 मीटर लांब पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. म्हणून टाकीजवळच्या भरडीवर, झाडांच्या दक्षिणेला मोकळी जागा बघा. तोंड दक्षिणेला, उतार 15 अंशांच्या आसपास. मेमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही थोडा उत्तरेला जातो, त्यामुळे जास्त उतार देऊन फायदा नाही. दहा अंशांखालीही जाऊ नका, पावसाने धूळ धुऊन जात नाही.

भरडीवरून विहिरीपर्यंत केबल लांब जाते, तिथे काटकसर नको. 540 वॅटची चार पॅनेलं एका माळेत घेतली तर सुमारे 165 व्होल्ट आणि 13 अँपियर येतात. 180 मीटरला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर 20 व्होल्ट वाटेतच जातात. 10 चौरस मिलिमीटरची टाकली तर आठ.

विजेचं कनेक्शन ठेवा. शेतीच्या वीजदरात तुमची महिन्याची बचत मोठी होणार नाही, हे आधीच समजून घ्या. तुमचा फायदा आहे तो ऐन उन्हाळ्यात लाइन गेली तरी पाणी मिळण्यात. केंद्राच्या 2019 च्या पीएम-कुसुम योजनेत तीन भाग आहेत, त्यातले दोन पंपांचे. स्वतंत्र सौरपंपाचा भाग मुख्यतः जिथे लाइन पोचलेली नाही किंवा डिझेल पंप आहे तिथल्यासाठी. ज्यांच्याकडे कनेक्शन आहे त्यांच्यासाठी असलेला पंपच सौर करण्याचा वेगळा भाग आहे. योजनेच्या सर्वसाधारण रचनेत केंद्राचे 30 टक्के, राज्याचे किमान 30, उरलेले शेतकऱ्याचे. तुम्ही या असलेला पंप सौर करण्याच्या भागात बसता. कृषी कार्ड आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा घेऊन आधी विभागीय कृषी कार्यालयात जा, विक्रेत्याकडे नंतर.

प्रश्न: पेडणे तालुक्यात माझं 10,000 चौरस मीटर वायंगण (पावसाळ्यानंतरचं भातशेत) आहे. ओहोळातून डिझेल पंपाने पाणी घेतो, उचल जेमतेम चार मीटर, अंतर 100 मीटर. भाताला पाणी भरपूर लागतं, म्हणून सौरपंप निदान 7.5 एचपीचा लागेल असं मित्र म्हणतात. एवढा खर्च झेपणार नाही. काही मार्ग? — एक तरुण शेतकरी, पेडणे

उत्तर: मित्रा, मार्ग तुझ्या पत्रातच आहे. चार मीटर उचल! वरच्या पत्रातला हिशेब इथे लाव. दिवसाला 10 मिलिमीटर पाणी धर, तर तुझ्या शेताला 1,00,000 लिटर लागतात. ऐकायला प्रचंड वाटतं. पण घर्षण धरून उचल साडेपाच-सहा मीटरच आहे, म्हणून काम होतं दीड-पावणेदोन युनिटांचं. सावईवेऱ्याच्या काकांना 12,000 लिटर टेकडीवर चढवायला एक युनिट लागतं, तुला आठपट पाणी द्यायला दीडपट. तुलाही 2 एचपी पुरेल.

मात्र तो पंप त्यांचा नव्हे. तुला कमी हेडचा, जास्त पाणी देणारा काठावरचा पंप पाहिजे, ताशी 17,000 लिटर सहा मीटरवर देणारा. दुकानात "2 एचपी सोलार" एवढंच सांगितलंस तर उंच हेडचा पाणबुडी गळ्यात मारतील आणि शेत अर्धं कोरडं राहील. पाइप 90 मिलिमीटरचा घे. 63 चा स्वस्त म्हणून घेतलास तर 100 मीटरमध्येच सहा-सात मीटर घर्षण होईल, म्हणजे उचलीपेक्षा जास्त.

तू डिझेलवर आहेस, म्हणजे कुसुमच्या स्वतंत्र पंपाच्या भागात बसतोस. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) किंवा कुळाची असेल तर कागद आधी सरळ करून घे, पॅनेलचा सांगाडा कुणाच्या जागेत उभा राहणार हे लेखी असू दे. आणि पावसाळ्यात ओहोळ कुठवर चढतो ते गावातल्या जुन्या माणसाला विचारून पंपाचा कट्टा त्याच्या वर बांध.

प्रश्न: रात्री पाणी द्यायचं असेल तर बॅटरी घ्यावी लागेल ना? — एक वाचक, काणकोण

उत्तर: नाही. दिवसा टाकी भरा, रात्री व्हॉल्व्ह उघडा. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, चिऱ्यांची किंवा सिमेंटची टाकी पिढीभर टिकते. दीड-दोन दिवसांचं पाणी मावेल एवढी टाकी बांधली की ढगाळ दिवसाचीही चिंता मिटते.

प्रश्न: आमचं घर चोडण बेटावर, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधापासून जवळ. विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ लागतं. परसात माड, मिरच्या, लाल भाजी. मुलगा सौरपंप बसवायचा म्हणतो, मला भीती वाटते की जास्त उपसा होऊन विहीर कायमची खारट होईल. — एक वाचिका, चोडण

उत्तर: वहिनी, तुमची भीती अगदी रास्त आहे आणि मुलालाही हे वाचायला द्या. बेटावर गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते थोडं हलकं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या जेवढी वर असते, त्याच्या साधारण चाळीसपट गोडं पाणी खाली असतं. म्हणून पातळी थोडी जरी उतरवली तरी खालचं खारं पाणी पुष्कळ वर येऊ पाहतं. त्यातही जोरात उपसा केला की ते विहिरीच्या तळाखाली उंचवट्यासारखं चढतं.

इथे सौरपंप उलट उपयोगाचा ठरू शकतो, पण लहान घेतला तरच. विजेची मोटर अर्ध्या तासात विहीर खाली करते. लहान सौरपंप दिवसभर हळूहळू पाणी देतो, पातळी फार उतरत नाही. अर्धा एचपी किंवा फार तर 1 एचपी घ्या. पंप तळाशी टेकवू नका, पाण्याच्या वरच्या थरात टांगा आणि पातळी ठरावीक खुणेखाली गेली की बंद होईल असं सेन्सर लावून घ्या. विहीर खोल मात्र करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. खोल केलीत की खारं पाणी जवळ येतं.

मार्चपासून दर पंधरवड्याला पाण्याची क्षारता तपासून वहीत लिहा. चाचणीची सोय कुठे आहे ते तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. तेच पाणी मिरचीला माडाच्या खूप आधी बाधतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये मिरची-भाजीला पावसाचं साठवलेलं पाणी द्या आणि विहिरीचं माडांना. बांधावरच्या मानशीचं (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीचं) दार नीट बसतं की नाही हेही बघून घ्या. भरतीचं पाणी शेतात शिरत असेल तर पंपाला दोष देऊन उपयोग नाही. सांगाडा गरम जस्त चढवलेला आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. खाऱ्या हवेत साधे बोल्ट फार लवकर गंजतात.

प्रश्न: केरी-सत्तरीत तीन वर्षांपूर्वी सौरपंप घेतला. गेल्या मे महिन्यात गडगडाट झाला त्या रात्री कंट्रोलर जळला. विक्रेता म्हणतो वीज पडणं हमीत येत नाही. पुन्हा तेच होऊ नये म्हणून काय करू? माकडंही पॅनेलवर उड्या मारतात. — एक शेतकरी, केरी

उत्तर: हमीपत्र स्वतः वाचा आणि विमा आहे का ते विचारा. अनुदानातल्या पंपांना बऱ्याचदा विमाही असतो आणि शेतकऱ्याला ते माहीत नसतं.

आता संरक्षण. वीज थेट तुमच्या पॅनेलवर पडायला लागत नाही. जवळ पडली तरी लांब केबलमध्ये दाब चढतो आणि कंट्रोलर जातो. सांगाड्यापासून दूर उंच खांबावर अरेस्टर (वीज जमिनीत उतरवणारी सळई), त्याची वेगळी अर्थिंग. पॅनेलच्या बाजूने आणि मोटरच्या बाजूने, दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक चढलेला दाब जमिनीत सोडणारं उपकरण. मग सगळ्या अर्थिंग जमिनीत एकमेकींना जोडायच्या. सत्तरीच्या जांभ्या दगडात मे महिन्यात ओल नसते, म्हणून अर्थिंगचा खड्डा विहिरीच्या बाजूच्या ओल्या मातीत घ्या किंवा उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहा. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून मोजायला सांगा, नुसतं "केलंय" म्हटलं तर ऐकू नका.

गडगडाट सुरू व्हायच्या आधी, आभाळ भरून येताना, डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज कंट्रोलरपासून तोडणारा स्विच) बंद करा. कनेक्टर हाताने ओढून कधीही काढू नका. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं, ऊन आहे तोवर त्यात वीज असते. चालू असताना ओढलेल्या कनेक्टरमध्ये ठिणगी पेटून राहते आणि हात भाजतो. पॅनेलवर काम करायचंच असेल तर आधी आयसोलेटर बंद, मग वर ताडपत्री.

माकडांच्या वजनाने काच सहसा फुटत नाही, पण त्यांनी ओढलेल्या वायरी तुटतात. पॅनेलखालच्या सगळ्या वायरी पाइपात घालून सांगाड्याला बांधून टाका आणि पॅनेलवर झुकलेल्या फांद्या छाटा. तुमच्याकडे रस्त्याची तांबडी धूळ बसते, ती सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

जूनपासून पंप बंद राहील. पण आठवड्यातून एकदा, ऊन पडेल तेव्हा, पाच मिनिटं चालवा, नाहीतर ऑक्टोबरात बुश धरलेले सापडतील. कंट्रोलरच्या पेटीत मुंग्या आणि पाली शिरतात, केबल जिथून आत जाते ती भोकं आत्ताच बंद करून घ्या.